परेडला न गेलेल्या बायका

१४ मे १९७८, चिटुंडो छावणी

आज सकाळी परेडमध्ये कमांडर गोंडो घोषणा देत असताना सासूबाई रांगेतून बाहेर आल्या, थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तुझी विजार मागून उसवलीय. आण संध्याकाळी, शिवून देते."

मैदानावर सगळी छावणी उभी होती. लढवय्ये, शाळेतली पोरं, आम्ही दवाखान्यातले. आधी कुणी हसलं नाही. मग माझा मदतनीस इग्नेशियस फिसकन हसला आणि मग कुणालाच आवरेना. गोंडोनं एक हात मागे नेऊन विजार चाचपली, तेव्हा तर कहर झाला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

सासूबाईंना इथे येऊन तीन महिने झाले. त्यांच्या गावाभोवती गोऱ्या सरकारनं तारेचं कुंपण घातलं आणि सगळ्यांना आत कोंडलं. सासूबाई म्हणाल्या, कुंपणात गुरं राहतात. एक भांडं डोक्यावर घेतलं आणि डोंगर ओलांडून सरहद्दीच्या या बाजूला, मोझांबिकमध्ये, मुलाला शोधत आल्या. मुलगा म्हणजे माझा नवरा, टाउराई. तो मार्चअखेर चार दिवस येऊन गेला, आणि परत तिकडे, ऱ्होडेशियात, लढायला. उरलो आम्ही दोघी, एका झोपडीत.

त्या चिहेरा आहेत, एलंड हरणाच्या कुळातल्या. चिहेरा बाई कुणाचं ऐकत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. छावणी त्यांना लाडानं अंबुया म्हणते, म्हणजे आजी. मला त्या 'सूनबाई' म्हणतात, पण असं, की जणू दाताखाली खडा आला.

लग्नाला सहा वर्षं झाली. एकदा दिवस गेले होते, ते टिकलं नाही. मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, आता फार आशा धरू नकोस. सासूबाईंनी त्यावर आजवर अवाक्षर काढलेलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

१८ मे

परेडमध्ये आज डोळ्यांपुढे अंधारी आली. स्वयंपाकाच्या चुलींचा धूर मैदानावर येत होता, तो नाकात गेला आणि मी तिथेच बसले. दवाखान्यात जाऊन स्वतःला तपासलं. हिवताप. अंग गरम नाही, पण हिवताप कधी कधी चोरपावलांनी येतो. गोळ्या घेतल्या, त्याही उलटून पडल्या.

"कसल्या गोळ्या त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"हिवतापाच्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तोंडापासून पायापर्यंत, परत पायापासून तोंडापर्यंत. बाजारात गाय बघावी तसं.

"उद्यापासून परेडला जायचं नाही. उजाडलं की माझ्याबरोबर नदीवर यायचं."

"आई, परेड सगळ्यांना असते."

"मग जाऊ दे सगळ्यांना. तू नाही."

का, ते सांगितलं नाही. चारचौघांत चक्कर येऊन पडणारी सून म्हणजे त्यांचं नाक कापलं जाणार, दुसरं काय!

२२ मे

चार दिवस परेड चुकवली. व्हायचं तेच झालं. कमांडर गोंडो स्वतः झोपडीशी आला. वयानं टाउराईएवढाच असेल. रीतीप्रमाणे खाली बसून टाळ्या वाजवून सासूबाईंना नमस्कार केला आणि मग आवाज जड केला.

"अंबुया, ही छावणी आहे. इथे शिस्त लागते."

"शिस्त खाता येते का?"

"म्हणजे?"

"तुझी पोरं महिनाभर नुसता साड्झा आणि मीठ खातायत. मक्याच्या पिठाच्या गोळ्यावर माणूस किती दिवस लढणार? हिरड्यांतून रक्त येतंय त्यांच्या. विचार हिला, ही नर्स आहे. मी येताना भांड्यातून बी आणलंय. नदीकाठी मळा करते, हिरवं पान दिसेल ताटात. पण पाणी ऊन चढायच्या आत घालावं लागतं, आणि नेमका त्याच वेळी तू ओरडत असतोस."

"मी ओरडत नाही, अंबुया. राजकीय शिक्षण देतो."

"दे की. आम्हाला नदीवरही ऐकू येतं."

गोंडोनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण मळ्यात नुसती सून चालणार नाही. आणखी बायका घ्या, म्हणजे काम दिसेल."

"आता कसा शहाण्यासारखा बोललास," सासूबाई म्हणाल्या. "विजार आणलीस का?"

खरंच आणली होती. काखेत.

२९ मे

मळ्यात आता चाळीसेक बायकापोरी येतात. परेड चुकते म्हणून येतात हे उघड आहे. सासूबाई सगळ्यांना कामाला जुंपतात. मला मात्र सावलीत बसून रोपांची मुळं मोकळी करायचं काम, जसं काही मी म्हातारी आणि त्या तरुण. माझ्या हातचं काम त्यांना पटतच नसावं.

शाळेवर नेट्साई नावाची शिक्षिका आहे, विशीतली, जिभेची तिखट. सासूबाईंचं आणि तिचं गूळपीठ जमलंय. आज मी वाफ्याआडून येत होते, तर सासूबाई तिला सांगत होत्या, "तिला अजून काही बोलायचं नाही. टाउराई आला की मग बघू." मी दिसताच दोघी गप्प झाल्या.

मी मूर्ख नाही. सहा वर्षं मूल नाही, आणि सासूबाई डोंगर ओलांडून आल्या त्या काय भाजी लावायला? टाउराईसाठी दुसरी बघून ठेवलीय. आज पाण्याची घागर मी डोक्यावर घेणार तोच नेट्साईनं हिसकावून घेतली. "द्या वहिनी, मी नेते." कालपर्यंत मी कॉम्रेड होते, आज वहिनी झाले! घरात यायच्या आधीच घरकाम शिकतेय.

पाठ वळवून रडले. हल्ली रडू कशानंही येतं.

३ जून

हिवताप हटत नाही. साड्झा समोर आला, धूर नाकात गेला, की ओकते. गोड लागतं ते एकच, मासाऊ. आंबट बोरं. वाळलेली ओंजळभर सासूबाईंनी गावातल्या कुणाकडून तरी आणून दिली. सगळी संपवली तरी त्या रागावल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी आणखी आणली. हा चांगुलपणा कशासाठी ते मला कळतंय. जिला बाजूला सारायचं तिच्याशी गोडच वागतात.

आज दुपारी खूप उंचावर एक विमान दोन घिरट्या घालून गेलं. आवाजही नीट आला नाही. गोंडो म्हणाला, मोझांबिकचंच असेल. त्यानं खंदक खोल करायला माणसं लावली, म्हणजे त्याचाही त्या बोलण्यावर विश्वास नसावा. छावणी हलवायची तर पोरांना, आजाऱ्यांना घेऊन जायचं कुठे? वरून हुकूम यायला हवा म्हणतात. तो येत नाही.

१० जून, रानात

अक्षर कसंही येतंय. तरी लिहिते, कारण लिहिलं नाही तर खरं वाटणार नाही.

काल सकाळी नदीवर धुकं होतं. पाणी घालायला एक बादली कमी पडत होती. मी म्हटलं, दवाखान्यातली आणते. सासूबाई म्हणाल्या, "तू बस. नेट्साई जाईल." नेट्साई गेली. लांबून परेडच्या घोषणा ऐकू येत होत्या, नेहमीसारख्या.

आधी पश्चिमेच्या डोंगरावरून कापड फाटल्यासारखा आवाज आला. मान वर करेपर्यंत विमानं डोक्यावरून गेली, इतकी खालून की वेळूचं बन आडवं झालं. मग जमीन हलली. मैदानाच्या बाजूला काळा धूर उभा राहिला.

मी छावणीकडे धावत सुटले. दवाखान्यात माणसं होती, त्यातल्या कितीतरी जणांना उठताही येत नव्हतं. चार पावलं गेले असेन, तोच मागून कपडा ओढला गेला आणि मी चिखलात तोंडावर पडले. सासूबाईंनी मला वेळूत ओढलं आणि चक्क माझ्या अंगावर बसल्या.

"सोडा! माझे पेशंट आहेत तिथे!"

"पडून राहा."

"आई, सोडा म्हणते ना!" मी त्यांचा हात चावले. खरंच चावले.

त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. आजवर कधी बोटही लावलं नव्हतं. "गाढवे! पोटात माझं नातवंड आहे!"

"काय?"

"काय म्हणजे? पाळी कधी चुकली?"

"इथे अर्ध्याअधिक बायकांची चुकलीय. खायला मिळत नाही म्हणून..."

"त्या काय धुरानं ओकतात? ओंजळीनं बोरं खातात? हिवताप म्हणे!"

वरून हेलिकॉप्टरं येत होती, त्यांतून ऱ्होडेशियाचे सैनिक उतरत होते, गोळ्या पानांना लागून सळसळत होत्या, आणि मी चिखलात पडून मार्चपासूनचे महिने आठवत होते. मिशनमध्ये किती बायकांना मी हेच सांगितलंय, अभिनंदन म्हणून. स्वतःचं मला दिसलं नाही.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी आधी माझ्या तोंडावरचा चिखल पुसला. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "मागच्या वेळी मी गावभर सांगत सुटले होते. दुसरा महिना होता तुला. आनंद मावत नव्हता. आणि मग ते गेलं. या वेळी तिसरा भरेपर्यंत तोंड शिवून ठेवायचं ठरवलं होतं."

इतकी वर्षं मी त्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावत होते.

एक हेलिकॉप्टर नदीवरून गेलं. तोवर आम्ही सगळ्या नदीत उतरलो होतो, नाकापर्यंत पाण्यात. कुणी खोकलं नाही, कुणी हाक मारली नाही. ते पुढे गेलं. मग वेळूच्या आडून, पाण्यातूनच, आम्ही खालच्या अंगाला सरकत गेलो. मळ्यावर आलेल्या सगळ्याजणी इथे आहेत. ओल्या, गारठलेल्या, पण आहेत.

एक सोडून. नेट्साई.

११ जून

सैनिक काल संध्याकाळी हेलिकॉप्टरांनी परत गेले. आज उजाडल्यावर मी छावणीत गेले. सासूबाईंनी अडवलं नाही, बरोबर आल्या.

मैदानावर जे पाहिलं ते इथे लिहिणार नाही. गोंडो विमानांवर रोखलेल्या तोफेपाशी सापडला. तो शेवटपर्यंत तिथून हलला नाही, म्हणून पोरांना झाडीत शिरायला वेळ मिळाला, असं वाचलेले सांगतात. सासूबाई त्याच्याजवळ बसल्या. त्याचे डोळे मिटले, चेहरा पुसला, आणि अंगावरची चादर काढून त्याच्यावर घातली. "कुणाचं लेकरू कोण जाणे," एवढंच म्हणाल्या. थंडीत चादरीविना तशाच बसून राहिल्या.

दवाखाना जळून राख झाला होता. मी त्या राखेत पायानं काय शोधत होते मलाच माहीत नाही. तेवढ्यात झाडीतून आवाज आला, "सिस्टर, उशीर झाला तुम्हाला. पगार कापणार."

इग्नेशियस! डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेला. पहिल्या आवाजालाच त्यानं आजाऱ्यांना उचलून, ओढून, ढकलून मागच्या घळीत नेलं होतं. तिथे मुंग्या खाणाऱ्या जनावरांनी उकरलेली मोठी बिळं आहेत, त्यांत एकेकाला कोंबलं. हल्ल्याच्या दोन दिवस आधी ज्याचा पाय मी कापला तो पोरगाही त्यांत होता. सगळे. दवाखान्यातले सगळे जिवंत. मी इग्नेशियसच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडले. तो म्हणत होता, "अहो सिस्टर, लोक काय म्हणतील?" आणि स्वतःही रडत होता.

नेट्साईचा पत्ता नाही. मेलेल्यांत नाही, जखमींत नाही. सासूबाई प्रत्येक चेहरा बघून आल्या. आल्या आणि म्हणाल्या, "मी पाठवलं तिला."

"मी जाणार होते, आई."

"तेच तर," त्या म्हणाल्या.

१५ जून, कापसाचा मळा

आत, पूर्वेला, पोर्तुगीज सोडून गेलेल्या एका मळ्याच्या गोदामांत आम्हाला हलवलंय. पत्र्याचं छप्पर आहे, विहीर आहे. आसपासच्या गावकऱ्यांनी मका आणि रताळी आणून टाकली. त्यांच्याच घरी पुरेसं नसणार.

कुणाच्या तरी ट्रांझिस्टरवर सॅलिसबरीच्या, म्हणजे गोऱ्या सरकारच्या, बातम्या लागल्या. चिटुंडोची छावणी नेस्तनाबूत, तिथे कुणीही वाचलेलं नाही, असं निवेदक सांगत होता. सासूबाई शेंगा सोलत होत्या. "त्याला सांगा रे कुणी," त्या म्हणाल्या, "अंबुया शेंगा सोलतेय म्हणावं."

लोक हसले. मला हसू येईना. टाउराईही हेच ऐकत असेल कुठेतरी.

मनात सलत होतं ते आज बोलून टाकलं. "आई, नेट्साईला तुम्ही टाउराईसाठी बघून ठेवलं होतं ना? मी तिचा राग राग केला. आता वाटतं, ती परत येऊ दे, दुसरी बायको म्हणून आली तरी चालेल."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दुसरी बायको? नेट्साई?" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "अगं बाई, ती मोयो कुळातली आहे! टाउराईच्याच, त्याच्या बापाच्या. बहीण लागते त्याची! वहिनी म्हणत होती ना तुला?"

छावणीत कुणी खरं नाव सांगत नाही, कूळ तर नाहीच. पकडलं गेलं तर घरच्यांना त्रास नको म्हणून. पण सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी खोदून खोदून विचारून घेतलं होतं. आणि नंतर, "नणंद आहेस, वहिनीला जड उचलू देऊ नकोस" म्हणून बजावलं होतं.

हसणं कधी थांबलं आणि त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. मी त्यांना जवळ घेतलं. मला वाटायचं त्या केवढ्या धिप्पाड आहेत. मिठीत मावल्या.

२० जून

नेट्साई आली!!

दुपारी रस्त्यावरून एक गावकरी बाई आली, पाठीला मूल बांधलेलं, आणि तिच्या मागे पांढरं फडकं डोक्याला गुंडाळलेली एक पोरगी. मी ओळखलं नाही. ती लांबूनच किंचाळली, "वहिनी! सावकाश चाला!" कारण मी धावत सुटले होते.

बादली घेऊन ती परत निघाली होती, दवाखाना आणि नदी यांच्या मधोमध होती, तेव्हा बॉम्ब पडला. शुद्ध आली तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. रांगत रांगत एका शेतापर्यंत पोचली. तिथल्या बाईनं तिला मक्याच्या कोठारात, कणसांच्या खाली पुरून ठेवलं. सैनिक अंगणात आले, कोंबड्या घेऊन गेले. कोठाराकडे त्यांनी पाहिलंही नाही. मोझांबिकच्या त्या बाईची भाषा नेट्साईला येत नाही, आणि हिला तर काहीच ऐकू येत नव्हतं. तरी दोघींचं छान जमलेलं दिसतं.

उजवा कान उघडलाय, डावाही उघडेल असं मला वाटतं. सध्या ती सगळं ओरडूनच बोलते. "अंबुया, वहिनीला सांगितलंत का?" असं तिनं सगळ्या गोदामाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं. आता तिसरा महिना भरायच्या आत सगळ्यांना कळलंय. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण मग त्याही हसल्या.

त्या गावकरी बाईसाठी साड्झा आणि शेंगांची आमटी केली. मी पोटभर जेवले, आणि पोटात राहिलं.

२८ जून

टाउराई आला.

मी विहिरीवर जखमांच्या पट्ट्या उकळून वाळत घालत होते. फाटकातून एक माणूस आत आला. धुळीनं पांढरा, खांद्यावर बंदूक, आणि डोकं पूर्ण भादरलेलं. कुणाकडेच न बघता, खाली बघत चालला होता. माझ्या अगदी जवळून गेला. "कॉम्रेड," तो इग्नेशियसला म्हणाला, "चिटुंडोच्या मेलेल्यांना कुठे पुरलं ते इथे कळेल म्हणाले." आवाजावरून ओळखलं मी त्याला. हातातली ओली पट्टी तशीच पिळत उभी राहिले.

इग्नेशियसनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

टाउराई वळला. बघत राहिला. मग तो तिथेच, ओल्या पट्ट्यांच्या खाली, मातीत बसला. मीही बसले. तो माझ्या हातांना, दंडांना, गालांना हात लावून बघत होता, दुकानात कापड खरं की खोटं बघावं तसं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. मुलाला बघितलं, थांबल्या. मी म्हटलं आता रडतील.

"हे टक्कल कुणी केलं रे तुझं?"

"मीच, आई," टाउराई म्हणाला. "रेडिओवर ऐकलं. त्याच दिवशी करून टाकलं. तुम्हा दोघींसाठी."

आमच्याकडे घरचं माणूस गेलं की डोकं भादरतात. तो सरहद्दीपलीकडच्या रानात एकटा बसून, पात्यानं, आमचं सुतक धरून आला होता. कानामागे कापल्याच्या दोन खपल्या अजून होत्या.

"आम्ही मेलेल्या दिसतो का तुला?" सासूबाई म्हणाल्या. ओठ हलत होते त्यांचे, पण आवाज पक्का होता. "माणसानं आधी विचारावं, मग वस्तरा घ्यावा. वाढव परत. बाप होणाऱ्यानं असं सुतकी डोकं घेऊन फिरू नये."

आणि तोंडावर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. सांगायचा मान माझा होता आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. टाउराई माझ्याकडे बघू लागला. मी मान डोलावली.

तो पुढे वाकला आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर आलं. गोदामाच्या दारात सगळे जमले होते, नेट्साई कुणाला तरी ओरडून विचारत होती, "रडतोय का हसतोय?" मी त्याच्या टकलावरून हात फिरवला. केसांचे बारीक खुंट यायला लागले होते. तळहाताला टोचत होते.